उजव्या हाताची करंगळी

प्रयोगशाळेत मी कामाला लागले तेव्हा हवालदार आधीपासूनच तिथे होता. फळ्याच्या डाव्या बाजूला, लोखंडी स्टँडवर, कवटीतल्या हुकाला टांगलेला. खांदे ताठ, हात बाजूला, कुणीतरी 'विश्राम' म्हणेल याची वाट बघत असल्यासारखा. म्हणून हवालदार. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही. माझ्याआधीच्या बाईनं मला किल्ल्या दिल्या तेव्हा नावही दिलं.

"हा नळ ठिबकतो. हे आम्लाचं कपाट, मुलांना हात लावू द्यायचा नाही. आणि हा हवालदार. याला दर शनिवारी कोरड्या ब्रशनं पुसायचं. ओलं फडकं लावलंस तर तारा गंजतात."

बावीस वर्षं पुसला. माझी शाळा नववीतच सुटली, पण भिंतीवरचा तक्ता बघून बघून सगळ्या हाडांची नावं मला पाठ झाली. शिक्षक रजेवर असले की मुलं मलाच विचारायची, "मावशी, हे कुठलं?" आणि मी सांगायची. वार्षिक कार्यक्रमाला मुलं हवालदाराला टोपी घालायची आणि काळ्या कागदाची मिशी चिकटवायची. मिशी मी कापून द्यायची, कारण कात्री माझी चांगली चालते.

एक गोष्ट मात्र होती. संध्याकाळी मी त्याचं तोंड बाकांकडे करून निघायची आणि सकाळी कुलूप काढलं की ते खिडकीकडे असायचं. हुकाच्या तारेला पीळ आहे, वाऱ्यानं फिरतो, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. खिडक्या रात्रभर बंद असतात याचा विचार त्या समजुतीत धरला नव्हता.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती. हवालदाराच्या उजव्या करंगळीची टोकाकडची दोन हाडं खोटी होती. ती मी केलेली होती.

माझ्या नोकरीचं ते तिसरं वर्ष. नवरा जाऊन आठ महिने झालेले, लेक चार वर्षांची, नोकरी कच्ची. नववीतल्या एका दांडगोबानं हवालदाराशी हात मिळवला आणि असा काही हलवला की तार तुटली. माझं लक्ष नव्हतं. तास संपल्यावर मी नेहमीसारखा केर काढला आणि सुपलीतून खिडकीबाहेर भिरकावला, कारण केराची कुंडी मैदानाच्या टोकाला होती आणि माझे पाय दुखत होते. संध्याकाळी हात मोजला. एका हातात सत्तावीस हाडं असतात. पंचवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा पंचवीस. दुसऱ्या दिवशी खिडकीखाली उकरायला गेले तर तिथे सायकली लावायच्या जागेसाठी मातीचा भराव टाकून झालेला. घोट्याच्या वर.

चार दिवसांनी सामानाची वार्षिक तपासणी होती. मी प्लास्टर कालवलं. डाव्या करंगळीकडे बघत दोन हाडं घडवली, चहाच्या पाण्यात बुडवून रंग आणला, दाभणानं भोक पाडून तारेत ओवली. तपासणीला आलेल्या साहेबांनी लांबूनच एक नजर टाकली आणि 'स्थिती उत्तम' लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि एकोणीस वर्षं तो तिथेच राहिला, वर झाकण लावून.

गेल्या वर्षी शाळा उघडली तेव्हा जीवशास्त्राला नव्या बाई आल्या. डोंगरातल्या. आमच्या मैदानापलीकडे जे डोंगर दिसतात तिथे गाव वसायच्याही आधीपासून राहणारे लोक आहेत. कागदावर आदिवासी, बोलताना 'ती माणसं'. त्यांची मुलं आमच्याकडे येतात, मागच्या बाकावर बसतात आणि आठवीनंतर बहुतेक दिसत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांच्यातलं कुणी खुर्चीवर बसलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

"बाई, तुमची भाषा जरा बोलून दाखवा ना," गणिताचे सर म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

बाईंनी एक वाक्य म्हटलं.

"वा! म्हणजे काय?"

"म्हणजे तुमचा चहा गार होतोय."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी आपला चहा मात्र गरम असतानाच संपवला.

त्याच दिवशी तासाला त्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आल्या, हवालदाराकडे त्यांची नजर गेली आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मुलांना बाहेर बोलावलं आणि व्हरांड्यात जमिनीवर बसवून शिकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत सगळीकडे झाली.

"वाघाशेजारी झोपणारी माणसं," गणिताचे सर म्हणाले, "आणि चार हाडकांना भितात."

मी कपबशा गोळा करत होते. मीही हसले. मोठ्यानं नाही, पण दिसेल इतपत. दारातून आत येणाऱ्या बाईंना ते दिसलं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आल्या. चपला दाराबाहेर काढल्या आणि आत आल्या.

"मावशी, याला कुठून आणलं?"

"हवालदाराला? तो माझ्याआधीपासूनचा आहे, बाई. काही करत नाही हो, बिचारा गरीब आहे."

त्या जवळ गेल्या. हात लावला नाही. हात पाठीमागे धरून, लहान मुलं दुकानात बघतात तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "ही मुलगी आहे, मावशी."

"अं?"

"कमरेचं हाड बघा. किती रुंद आहे. आणि इथे, मांडीच्या हाडाचं टोक अजून नीट जुळलेलं नाही. वाढत होती. सोळा, फार तर सतरा."

बावीस वर्षं मी ते हाड पुसलं होतं. त्याचं नाव मला पाठ होतं. त्यावरून काय कळतं ते तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आली ती काळ्या कागदाची मिशी. दर वर्षी नवी कापायची. एका वर्षी तर टोकं वर वळवलेली.

बाक, नकाशे, तराजू अशा टिकाऊ सामानाची शाळेत एक नोंदवही असते. जडवस्तू नोंदवही म्हणतात तिला. सगळ्यात जुनी वही कपाटाच्या तळाशी होती. ती कुठे आहे हे शाळेत फक्त मला माहीत होतं, कारण तिच्यावर मी गाळणकागदाचे गठ्ठे ठेवते. आम्ही दोघींनी ती काढली. क्रमांक चाळीस, पृथ्वीचा गोल. क्रमांक बेचाळीस, पितळी तराजू. मधे सुंदर वळणदार अक्षरात: "मानवी सांगाडा, एक. तरुण स्त्री. धरणाच्या छावणीतील डॉक्टरांकडून भेट. स्थिती उत्तम."

सत्तर वर्षांपूर्वीची तारीख होती. म्हणजे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. हवालदार तर नंतरच्या लोकांनी केला.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, मुलांना धडा समजावताना असतो तसा.

"धरणाच्या पाण्याखाली आमची दरी आहे. तिथेच आमचे सगळे पुरलेले होते. पाणी सोडायच्या आधी छावणीवाल्यांनी सांगितलं, तुमचे मृत आम्ही वर हलवून देतो. पेट्या दिल्या. काही पेट्या हलक्या होत्या. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीच्या पेटीत दगड होते."

मी वही जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"ज्याला माती मिळाली नाही तो गेला असं आम्ही म्हणत नाही, मावशी. बाहेर गेलाय म्हणतो. आणि घरातलं कुणी बाहेर असेल तर दाराला आतून कडी लावत नाही."

"किती दिवस?"

"येईपर्यंत. माझ्या आत्याच्या दाराला कडीच नाही. मी लहानपणापासून उघड्या दारात झोपलेय."

"मग ही तीच असेल?"

"काय माहीत. आत्या म्हणेल, कुठल्या का घरची असेना, आपलीच आहे."

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी सांगितलं, "बाई, ही रोज सकाळी खिडकीकडे वळलेली असते. मी कितीही सरळ करून गेले तरी."

बाई उठून खिडकीशी गेल्या. मैदान, त्याच्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे निळे डोंगर. त्यांचे खांदे हलायला लागले. "घराकडे बघते," त्या म्हणाल्या.

त्या वेळी मला काहीतरी आठवायला हवं होतं. आठवलंही असेल. मी पाण्याचा ग्लास आणून दिला.

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, वाईट माणूस नाहीत. माझ्या लेकीच्या कॉलेजच्या अर्जावर त्यांनी स्वतः बसून शिफारस लिहिली होती. पण त्यांना कुठलीही गोष्ट कार्यक्रम करून मिटवायची सवय आहे.

"बाई, तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे," ते म्हणाले. "आपण असं करू, स्टँडवर एक छानसा फलक लावू. आणि एक कार्यक्रम ठेवू. तुमच्या लोकांची माहिती, तुमचं एखादं नृत्य..."

"मला नाचता येत नाही, सर. मी जीवशास्त्र शिकवते."

"तसं नव्हे हो. पण हे बघा, ही शाळेची मालमत्ता. वहीतून कमी करायची तर कारण लागतं आणि कारणं तीनच आहेत. मोडली, हरवली, वापरण्यास अयोग्य. यातलं कुठलं लिहू?"

"मावशींना विचारा," बाई म्हणाल्या. "नोंदवही त्यांनी काढून दिली. बावीस वर्षं त्यांनी सांभाळलंय."

मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते. सर माझ्याकडे वळले. बाईही वळल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला काय कळतंय, सर."

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्हाला काय कळतं ते मला माहीत आहे, मावशी. आत मी एकटी पडले."

"आमचं कोण ऐकतं, बाई?"

"ऐकलं नसतं तरी चाललं असतं. दोघी झालो असतो."

घरी जाऊन मी भांडी घासली ती आदळून आदळून. लेक म्हणाली, "आई, पातेल्यानं काय केलंय तुझं?"

मग सामानाची तपासणी आली. दर वर्षी येते. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर 'वस्तू पाहिली, स्थिती ठीक' असं लिहून सही मी करते, मग सर करतात आणि मग तो कागद संस्थेच्या कचेरीत जातो. तो गेल्याशिवाय शाळेला नवीन काही मिळत नाही. साधा बाकही नाही. बावीस वर्षं मी ती सही श्वास घ्यावा तशी केली होती. या वेळी एक्केचाळीस क्रमांकापाशी पेन थांबलं. 'वस्तू पाहिली' खोडलं आणि लिहिलं: "ही वस्तू नाही." खाली सही.

सरांनी मला बोलावून घेतलं. "मावशी, हे काय?"

"खरं ते, सर."

"अहो, असं लिहायची पद्धत नाही."

"मग पद्धतीप्रमाणे तुम्ही लिहा. मी सही करणार नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद तसाच कचेरीत गेला आणि तसाच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. गणिताचे सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण त्यांच्या वर्गाचा नवा फळा अडला होता. बाईंनी संस्थेकडे अर्ज केला, सोबत त्या जुन्या पानाची नक्कल. सहा आठवड्यांनी पत्र आलं: सांगाडा नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यास हरकत नाही.

बाईंनी पत्र वाचून माझा हात धरला. "मावशी, तुम्ही केलंत हे."

पत्राला दुसरी ओळ होती. 'सांगाडा संपूर्ण असल्याची खात्री करून परिचरानं तशी सही द्यावी.' परिचर म्हणजे मी. बाईंचा हात माझ्या हातात होता आणि मला माझी स्वतःची करंगळी जड लागत होती.

त्या संध्याकाळी मी लेकीला सगळं सांगितलं. ती आता तेवीस वर्षांची आहे, बोलायला फटकळ.

"दोन खडूचे तुकडे, आई. कोण बघणार आहे?"

"ते पुरणार आहेत."

"पुरू देत. त्यांना समाधान, तुला समाधान. आता कशाला उकरून काढतेस? नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुझी."

"हं," मी म्हटलं. ती बोलली त्यात चूक काहीच नव्हती. मी एकोणीस वर्षं हेच बोलत आले होते, फक्त आवाज माझा होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आत्या आल्या. बाईंच्या वडिलांची बहीण, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. बरोबर त्यांच्या वस्तीतल्या दोन बायका. त्यांनी बाक भिंतीला सरकवले आणि जमिनीवर आपली विणलेली चादर अंथरली. मी आदल्या दिवशी रेशमी कापड आणलं होतं, पांढरी फुलं आणली होती, आणि चार शब्द बोलावेत म्हणून कागदावर लिहूनही ठेवले होते. ते सगळं टेबलावर मांडायला लागले तर बाईंनी हळूच पिशवी बंद केली.

"मावशी, हे नको. तुम्ही फक्त तारा काढा. मातीत लोखंड जाऊ द्यायचं नाही. कुठली तार कुठून गेलीय ते तुम्हालाच ठाऊक आहे."

तेवढंच काम होतं माझं. मी बारीक पक्कड घेतली.

"पायांपासून काढ," आत्या म्हणाल्या. आमची भाषा त्या सावकाश बोलायच्या, पायरी बघून उतरावं तसं. "आधी पाय मोकळे होऊ देत."

मी पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. एक हाड सुटलं की आत्यांच्या ओंजळीत ठेवायचं. त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या, काहीतरी पुटपुटायच्या आणि चादरीवर त्याच्या जागी ठेवायच्या.

"काय म्हणतात त्या?" मी बाईंना विचारलं.

"काही मोठं नाही. 'आली' म्हणतात."

आली. आली. आली. घोटा आला, नडगी आली, गुडघ्याची वाटी आली. मणक्यांमधून गेलेली सळई मी ओढून काढली तेव्हा असा आवाज झाला की दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या सरांनी मान फिरवली. हो, सर आले होते, सुट्टी असून. कुणी बोलावलं नव्हतं. एकदा पाण्याची कळशी त्यांनी स्वतः आणून ठेवली आणि पुन्हा दाराशी जाऊन उभे राहिले.

बरगड्या झाल्या. डावा हात झाला. मग मी कवटीचा हुक काढायला घेतला. तो अवघड आहे, वेळ लागतो, आणि मला वेळच हवा होता. कवटी आत्यांच्या ओंजळीत दिली. जबडा दिला. स्टँड रिकामा झाला. माझ्या मांडीवर फक्त उजवा हात उरला.

"उजवा राहिला," आत्या म्हणाल्या.

"हो."

मनगटाची आठ. आली. तळहाताची पाच. आली. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीचं बुडखं, तेही आलं. मग माझ्या तळव्यावर ती दोन उरली. चहाच्या रंगाची. मी इतकी हुबेहूब घडवली होती की क्षणभर मलाच वाटलं, उगीच घाबरतेय, ही तिचीच आहेत. आत्यांनी ओंजळ पुढे केली. त्यांच्या तळव्यांवर हाडांची पांढरी भुकटी होती. त्यांचे ओठ 'आली' म्हणायला उघडले.

माझ्या खडूला त्या 'आली' म्हणणार होत्या.

"ही नाहीत," मी म्हटलं.

"काय नाहीत?" बाईंनी विचारलं.

"ही तिची नाहीत. ही मी केलीत, प्लास्टरची. तिची माझ्या हातून हरवली, केरात गेली. एकोणीस वर्षं झाली." एकदा तोंड उघडलं तसं सगळं बाहेर आलं. दांडगोबा, सुपली, भराव, कच्ची नोकरी. कच्ची नोकरी सांगताना मला माझीच लाज वाटली, म्हणून ते दोनदा सांगितलं.

"कुठे टाकलंस?" आत्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. "खिडकीबाहेर."

आत्या उठून खिडकीशी गेल्या. डोंगरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. वाकून खाली पाहिलं, भिंतीलगत, जिथे सायकली लावतात.

"माझी भाची म्हणाली, ही रोज खिडकीकडे वळते. कधीपासून?"

खोलीत नळ ठिबकत होता. मला उत्तर माहीत होतं. पहिली दोन वर्षं मी तिला जशी ठेवून जायची तशीच ती सकाळी असायची.

"तिसऱ्या वर्षापासून," मी म्हटलं. "त्या केरानंतर."

बाई उभ्या राहिल्या. "मी म्हटलं होतं, घराकडे बघते. तुमच्यासमोर रडले मी, मावशी."

"हो."

"तुम्ही पाणी दिलंत मला."

"हो, बाई."

त्या बाहेर व्हरांड्यात निघून गेल्या. मी त्यांच्यामागे जायला उठले तर आत्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. "तिला राहू दे. आणि मला नको सांगत बसू. हिला सांग."

"कुणाला?"

त्यांनी चादरीकडे मान वळवली. आता त्यावर ती मुलगी पूर्ण मांडलेली होती, आमच्या लेकी उन्हाळ्यात पंख्याखाली पडतात तशी, पाय लांब करून. उजव्या हाताच्या टोकाशी तेवढी चादर दिसत होती.

कागदावर लिहून आणलेल्या चार शब्दांतला एकही कामाचा नव्हता. मी पुढे सरकले. "बाळ," मी म्हटलं आणि थांबले, कारण तिला मी आजवर 'हवालदार' सोडून काहीच म्हटलं नव्हतं. "तुझं बोट माझ्या हातून गेलं. मी लपवलं. तू दाखवत होतीस, मला कळत होतं. मिशीसुद्धा मीच कापायची." बस. एवढंच आलं.

आत्यांनी ती दोन प्लास्टरची हाडं उचलून माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "ही तुझी." मग चादरीची टोकं गोळा करता करता, घरातली किल्ली कुठे ठेवायची ते सांगावं तसं म्हणाल्या, "आम्ही नेतो. पण ती येईल राहिलेलं शोधायला. आली तर हाकलू नकोस."

"नाही."

"ओरडू नकोस."

"नाही, आत्या."

"आणि दाराला कडी लावू नकोस."

संस्थेच्या पत्रावर मी लिहिलं: "संपूर्ण नाही. उजव्या करंगळीची दोन हाडं माझ्या हातून हरवली." खाली सही आणि वर्ष. मोठ्या सरांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. आठवड्याभरात मला मेमो आला. तो मी कपाटात नीट ठेवलाय. बावीस वर्षांत माझ्या नावाचे पुष्कळ कागद झाले, पण ज्यात सगळं खरं आहे असा तो एकच.

आता प्रयोगशाळेत प्लास्टिकचा सांगाडा आहे. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, याला हवालदार म्हणायचं?"

"नाही."

"मग जुना हवालदार कुठे गेला?"

पूर्वी मी म्हटलं असतं, बदली झाली त्याची. आता मी सांगते. ती मुलगी होती, कुठली होती, कुणी आणली, तिला मिशी कुणी लावली. मागच्या बाकावरची डोंगरातली दोन मुलं मान खाली घालून ऐकत असतात. परवा त्यांच्यातल्या एकीनं हात वर केला आणि म्हणाली, "माझ्या घरीपण कडी नाही."

मधल्या सुट्टीत मी खिडकीखाली उकरते. सायकली दुसरीकडे लावायला सरांनी सांगितलंय. घमेलंभर माती काढायची आणि प्रयोगशाळेतल्या बारीक चाळणीनं चाळायची. आजवर बटणं सापडली, पेनांची टोपणं, अकरा गोट्या आणि कुणाचा तरी दुधाचा दात. बाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. इकडचं तिकडचं बोलणं बंद होतं. सव्वा महिना गेला. मग एके दिवशी मी उकिडवी बसले होते आणि शेजारी दुसरी चाळणी येऊन टेकली.

"तुम्ही फार वर चाळताय," बाई म्हणाल्या. "भरावाच्या खालची माती काढायला हवी."

"तुमचा राग गेला, बाई?"

"नाही. माती द्या इकडे."

गेल्या पंधरवड्यात टोकाचं हाड सापडलं. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा लांब, मातीच्याच रंगाचं. बाईंनी ओळखलं. शनिवारी रुमालात बांधून त्या घरी घेऊन गेल्या. आत्या काय म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. ठाऊक होतं.

एक राहिलंय. मी जाताना प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटून घेते. आम्लाच्या कपाटाला मात्र आता दोन कुलपं असतात. सर म्हणतात, मावशी, चोर येतील. मी म्हणते, येऊ देत, काय नेतील, नळ?

काल सकाळी आले तर दार अर्धं उघडं होतं. खिडकीखालचा खड्डा मी सोडला होता त्यापेक्षा वीतभर खोल झालेला होता. माती एका बाजूला नीट ढिगानं लावलेली.

"मांजर असेल," सर म्हणाले.

"असेल," मी म्हटलं.

मी चाळणी घेतली आणि खड्ड्याशी बसले. जरा सरकून बसले, शेजारी जागा ठेवून.